पिवळे बोंबील

समुद्राच्या तळाशी पडलेले तोफगोळे वर काढायचे की तिथंच राहू द्यायचे, हे शोधायचं एक खातं होतं. त्या खात्याच्या लाँचवर मी खलाशी होतो. हे सांगितलं की आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीतली माणसं माझ्या मुलाच्या तोंडाकडे बघतात. म्हातारा भ्रमिष्ट झालाय का, असं त्यांना विचारायचं असतं. झालो नाही. कान गेलेत, डोकं आहे.

जुन्या माणसांच्या आठवणी गोळा करत फिरणाऱ्या सुकापूरच्या ज्या पोरानं मला हे लिहायला बसवलं, त्याला माझ्या नोकरीची सगळी हकिगत पाहिजे होती. कधी लागलो, कधी बढती मिळाली, कधी सुटलो. ते मला जमणार नाही. माझी शाळा तिसरीपर्यंत, आणि बढती कधी मिळालीच नाही. शिमग्यात माझी बायको चांगुणा गेली. तेव्हापासून नोकरीतली एकच गोष्ट डोक्यात फिरते आहे. तेवढी लिहितो. बाकीचं त्यानं दुसऱ्या कुणाकडून घ्यावं.

दुसरी मोठी लढाई संपली तेव्हा दारूगोळा ढिगानं उरला. जमिनीवर ठेवावा तर जन्मभर पहारा पाहिजे, आणि एकदा का आग लागली तर गावंच्या गावं जातील. म्हणून तराफ्यांवर भरून तो समुद्रात नेऊन बुडवला. सगळ्या मुलखांत असंच केलं म्हणे. खोल पाण्यात बुडवायचा, असा हुकूम होता. सगळा खोलातच गेला का, ते मी बघितलं नाही, म्हणून बोलत नाही. एवढं खरं की काही वर्षांनी आमच्या लोकांच्या जाळ्यात मासळीबरोबर लोखंड यायला लागलं. मुंबई राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा ते खातं निघालं.

आमचे साहेब म्हणजे साठ्ये साहेब. रसायनं शिकलेले, पुण्याचे, अंगानं काटकुळे. लाँच जरा हलली की काठावर जाऊन ओकायचे, तोंड पुसायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. मी विचारलं, साहेब, तुम्ही ही नोकरी का घेतली? म्हणाले, "पांडुरंग, जमिनीवरचे सगळे प्रश्न आधीच लोकांनी वाटून घेतले होते." त्यांच्या बोलण्यात मस्करी कुठली आणि खरं कुठलं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

काम काय होतं ते सांगतो. पनवेल बंदराच्या कडेला आमची पत्र्याची शेड होती. गोळ्यांचं लोखंड असतं तसल्याच लोखंडाच्या आणि पितळेच्या पट्ट्या लाकडी चौकटीत बसवून आम्ही खाडीत सोडायचो. काही पाण्यात लोंबत्या, काही चिखलात पुरलेल्या. महिन्यामहिन्यांनी काढायच्या, हलक्या हातानं धुवायच्या, वजन करायच्या. किती गंजलं, कुठं जास्त गंजलं. पाण्यातली पट्टी लवकर खंगते, चिखलात खोल पुरलेली तशीच राहते. दुसरं काम, लाँचवरून जाऊन तळाचा गाळ काढायचा. शिशाच्या वजनाच्या बुडाला चरबी लावायची आणि दोरीनं सोडायचं. तळाशी जे असेल ते चरबीला चिकटून वर येतं. वाळू, शिंपल्याचा चुरा, नाही तर गंजाचे पापुद्रे. पापुद्रे आले की साहेबांचा चेहरा बदलायचा आणि आमचे ड्रायव्हर इब्राहिमभाई न सांगता इंजिन बंद करायचे.

साहेबांचं म्हणणं होतं की जे चिखलात खोल रुतलंय त्याला हात लावू नये. काढताना माणूस मरेल, आणि राहू दिलं तर ते सावकाश विरून जाईल. "पण मला वाटतं म्हणून ते खरं होत नाही," असं ते लगेच म्हणायचे. म्हणून त्या पट्ट्या.

चांगुणेला या नोकरीची फार गंमत वाटायची. आम्ही पनवेलच्या कोळीवाड्यात राहायचो. ती उरणजवळच्या करंज्याची, तिच्या माहेरची डोल. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखं जाळं. समुद्रात खांब ठोकून तोंड भरतीच्या अंगाला करून बांधतात, आणि पाण्याच्या ओढीनं मासळी आत जाते. त्या खांबांची जागा घराण्याची असते, शेतासारखी. अशा घरातली ती. तिच्या मते पाण्यातून वर काढायची वस्तू एकच, मासळी. शेजारणींना सांगायची, "आमचं मानूस गंजकं लोखंड राखतं. दिवसभर बगत बसतं, गंजलं काय, गंजलं काय. आमच्या कोयतीला गंज धरला तं मना शिव्या देतं, आनि थितं गंज धरला तं सायब शाबासकी देतं."

आमच्याकडे माणसंही एकेक यायची. लोखंड सापडलं तर शेडवर कळवा, अशी दवंडी दिली होती. तर कुणी सोड्याची बाटली आणून दाखवायचा, कुणी बोटीचा मोडका पंखा. पण खरी वस्तू ज्याच्याकडे असायची तो कधी यायचा नाही. खाडीकाठच्या एका म्हातारीकडे तोफेचं रिकामं पितळी नळकांडं होतं. त्यात ती तांदूळ भरायची आणि चिंचेनं घासून असं लखलखीत ठेवायची की लांबून सोनं वाटावं. रिकामंच होतं, धोका काही नव्हता. साहेबांना नुसतं बघायचं होतं. पण म्हातारी दारात आडवी. "सुनेच्या म्हायेरचं हाय ते. लग्नात आयलंय." सून मागून तोंडाला पदर लावून हसतेय. साहेब म्हणाले, "आजी, तुमच्या सुनेचं माहेर तोफखान्यात आहे का?" म्हातारी म्हणाली, "नाय. आवऱ्याला." तिथं आम्ही हरलो.

ते हसण्यावारी गेलं. सगळंच तसं जात नाही.

चांगुणा पनवेलच्या बाजारात सुके बोंबील विकायला बसायची. माल तिच्या भावाचा, नथूचा. आई-बाप लवकर गेले, नथूला तिनंच अंगाखांद्यावर वाढवला होता. त्याला नुकतंच मूल झालेलं, बायको मथी अजून बाळंतपणातून नीट उठली नव्हती. म्हणून माल विकायचं काम हिनं अंगावर घेतलेलं. तिच्याकडे एक वकिलीणबाई यायच्या. चोखंदळ गिऱ्हाईक. बोंबील वास घेऊन, वाकवून, उन्हात धरून घ्यायच्या. एक दिवस त्या सकाळीच आल्या आणि पुडकं तिच्या टोपलीत टाकलं.

"चांगुणे, इतकी वर्षं तुझ्याकडून घेते. जुना माल हळद चोळून मला खपवतेस?"

"हलद? बाईसायेब, बोंबलाला हलद कोन लावतं?"

"हे पिवळं काय मग? आणि चव काय त्याची! सगळं कालवण ओतून दिलं. यांनी ताटावरून उठून चूळ भरली."

बोंबलांवर खरंच पिवळे डाग होते. चांगुणा तापली. खोटा माल विकते असं तिला आजवर कुणी बोललं नव्हतं. हळदीचा डाग ओळखायची रीत प्रत्येक बाईला ठाऊक असते. साबण लावला की हळद लाल होते. शेजारच्या चहावाल्याकडून तिनं साबणाचा तुकडा आणला, बोंबील ओला केला आणि भर बाजारात त्या बाईंसमोर डागावर चोळला. लाल झाला नाही. उलट पिवळा आणखी उजळला.

"झालं समाधान? हलद नाय," ती म्हणाली.

वकिलीणबाई म्हणाल्या, "हळद नाही, मग काय आहे?"

तिनं बोंबलाचा तुकडा दातांनी तोडला आणि थुंकला. ती मला नंतर सांगायची, कारलं कडू असतं, कडुनिंब कडू असतो, पण ते झाडाचं कडू. हे कडू झाडाचं नव्हतं.

ती माल उचलून तडक आमच्या शेडवर आली. तोवर ती शेडवर कधी आली नव्हती. मी पट्ट्या धूत होतो. तिला बघून मला वाटलं घरी कुणाला काही झालं. ती माझ्याकडे न बघता साहेबांपुढे गेली आणि टेबलावर बोंबील ठेवले.

"सायेब, तुमी औषदाचं शिकलाव ना? मना सांगा ह्ये काय हाय. माझा बाजारातला मान गेलाय."

साहेबांनी बोट ओलं करून डागावर घासलं, बोट बघितलं, मग जिभेच्या टोकाला लावलं. बाहेर जाऊन थुंकले. परत आले तेव्हा चेहरा ओकून आल्यासारखा पांढरा, आणि लाँच तर काठाला बांधलेली.

"बाई, हा माल कुठला?"

"माज्या भावाचा. करंज्याचा."

"त्याच्या घरी जड लोखंडी काही आहे? एवढं लांब, एका टोकाला निमुळतं?"

चांगुणेचा चेहरा खुलला. "हाय की! वजनं हायत त्याच्या जालीची. पाच-सा हायत. त्याच्याच जालीत आयली. देवानंच दिली बोलतो. सायेब, डोलीच्या बुडाला धोंडे बांधतात, त्यांना भोक पाडाया मानूस लागतं, वर धोंडा फुटतो. ह्यांना टोकाला कडीच हाय. आयती. दोरी बांदली की झालं."

आता हे ऐकायला वेडेपणाचं वाटेल. पण कोळ्याच्या डोळ्यानं बघा. मोठ्या गोळ्याच्या टोकाला, उचलायला सोपं पडावं म्हणून, आट्यांची कडी बसवलेली असायची. लढाईत डागायच्या आधी ती काढून तिथं गोळा उडवणारी बत्ती बसवायचे. बत्ती नाही, गंजून काळं पडलेलं, वर कालवं चिकटलेली, हाताला कडी. ज्याला जाळ्यासाठी वजन पाहिजे त्याला ते वजनच दिसणार. मी त्या खात्यात होतो, आणि नथूच्या अंगणात ती पडलेली असताना मीही दुरूनच त्यांना धोंडे समजलो असेन. दुसऱ्या कुठल्याही धंद्यातल्या माणसानं त्यांना दोरी बांधली नसती.

"आनि बोंबलांवर कसं आयलं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "जाली सुकवाया काढली तवा वजनं पन काढली. वारा सुटलाय म्हनून बोंबलाच्या ढिगावर माडाची झापं घातली आनि वर ही वजनं ठेवली. ओलीच. मीच होते थितं. कडीतून पिवलं पानी गलत होतं. मना वाटलं गंज."

साहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी आम्हाला समजावलं. काही जुन्या गोळ्यांत असलं पिवळं, कडू रसायन भरलेलं असायचं. ओलं आहे तोवर बरंचसं गप्प. पण वर्षानुवर्षं लोखंडाला लागून लागून, विशेषतः कडीच्या आट्यांमध्ये, त्याचं दुसरंच काही तरी बनतं. ते वाळलं की त्याला धक्का चालत नाही, घासणं चालत नाही, ऊन तर नाहीच. "एवढ्या वर्षांत त्याची कडी फिरवायची कुणाला गरज पडली नाही, म्हणून ते घर अजून आहे."

चांगुणा खाली बसली.

"सायेब," ती म्हणाली, "कड्या ढिल्या झाल्यात बोलत होता. आज लोहार येनार हाय. तापवून, ठोकून घट्ट करून घेतो बोलला."

इथून पुढचं मला सलग आठवत नाही. साहेब टपालकचेरीकडे धावले. लष्कराला फोन लागला, ते निघतो म्हणाले, पण मुंबईहून. उरणच्या चौकीला फोन लागला तर तिथला हवालदार म्हणाला, "बोंबील पिवळे झालेत? मग आम्ही काय करू?" साहेब ओरडून सांगतायत आणि तिकडून लाइन गेली. उरणची एस.टी. सुटून गेलेली. राहिली लाँच. आणि लाँच चिखलात बसलेली. पनवेलची खाडी ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगतो, ओहोटीला तिथं पाणी राहत नाही, नुसता काळा गाळ. भरती चढेपर्यंत ती लाँच म्हणजे घरासमोरचा ओटा.

आम्ही बसलो. काही करता येत नाही आणि उठताही येत नाही, असं बसणं फार वाईट. इब्राहिमभाई इंजिनाला उगाच फडकं मारत होते. "पानी आ रहा है, बेटी, आ रहा है," असं तिला म्हणायचे, आणि पाणी तर दिसत नव्हतं. चांगुणा काठावर उकिडवी बसून चिखलातल्या एका खुंटीकडे बघत होती. पाणी त्या खुंटीला लागलं की लाँच सुटणार. ती देवाचं नाव घेत नव्हती, रडत नव्हती. एकदा फक्त म्हणाली, "लोहाराची बायको आजारी हाय. कदाचित नाय यायचा." थोड्या वेळानं म्हणाली, "पन पोरगा हाय त्याचा मोटा. तो यील."

सरकारी लाँचवर बाईमाणूस न्यायचं नाही, असा नियम होता. तिनं पूर्वी मला विचारलं होतं, एकदा न्या की, बगू तुमचं लोखंड. मी नियम सांगितला होता. त्या दिवशी पाणी खुंटीला लागलं आणि तीच पहिली चढली. नियमाचं नाव कुणी काढलं नाही.

उलवा गेला, न्हावा गेला, मोरा मागे पडला. उरणला वळसा घालून करंज्याकडे वळलो. वाटेत साहेब दोनदा ओकले आणि दोन्ही वेळा तिनंच त्यांच्या पाठीवर हात फिरवला. तिनं विचारलं, "सायेब, वाजलं तं आवाज इथवर येल?"

साहेबांनी खोटं सांगायला हवं होतं. म्हणाले, "येईल."

त्यानंतर ती कान देऊन बसली. आणि करंजा दिसायला लागलं तेव्हा आवाज आला. ठाण, ठाण, ठाण. लोखंडावर लोखंड. पाण्यावरून आवाज कसा येतो, जवळचा लांब वाटतो आणि लांबचा कानाशी. चांगुणा उभी राहून भावाच्या नावानं ओरडायला लागली. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? ती ओरडतेय, ठाण ठाण चाललंय, आणि प्रत्येक ठोक्याला मी डोळे मिटतोय. जवळ गेलो तर काठावर ओढलेल्या होडीला सुतार खिळे मारत होता. त्याला आम्ही काय दिसलो असू कोण जाणे. हातोडा हातात धरून आ वासून बघत राहिला.

नथूच्या अंगणात पोचलो. लोहार आला नव्हता. त्याच्या मामेभावाची हळद होती, तिकडे गेलेला. नथू त्या वजनांपैकी एकावर बसून चहा पीत होता. बाकीची भिंतीशी उन्हात. भिंतीच्या आत मथी आणि पाळणा.

"दाजी! बाय! ह्ये काय, सायेबाला घेऊन आयलाव? मासली पायजे काय?"

त्याचे तळवे पिवळे होते. मी तोवर बघितले नव्हते असं नाही, बघितले असतील. बोंबील साफ करणाऱ्याचे हात कुणी बघत नाही.

मी सांगितलं, साहेबांनी सांगितलं. तो हसायला लागला. तरुण पोर, गल्लीतली माणसं जमलेली, त्यांच्यासमोर त्याला भ्यायचं नव्हतं. "दाजी, चार वरसं ह्यांना दर्यात आपटतंय मी. होडीत टाकतंय, काठावर फेकतंय. तुमचं सायेब लोखंडाला भितंय व्हय?" आणि ज्यावर बसला होता त्याचीच कडी धरून, गुडघे वाकवून, गोळा छातीपर्यंत उचलला. "बगा. काय झालं? टाकू का? टाकून दाखवू?"

जमलेले मागे सरले. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबलो. कडी ढिली होती. गोळ्याच्या वजनानं ती आट्यांत किंचित फिरताना मला दिसली, आणि कडेनं पिवळी भुकटी झडली.

चांगुणा पुढे गेली. ओरडली नाही. वाटेत ओरडून तिचा घसा बसलाच होता. ती त्याच्या अगदी जवळ गेली आणि दोन्ही हात गोळ्याच्या बुडाखाली घातले.

"नथू, पोराला न्हाऊ घातल्यावर कसा ठेवतोस रं पालन्यात?"

"बाय, तू पन—"

"मान धरून ठेवतोस ना? तसा ठेव. माज्यासंगं. हलू."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याचं हसू गेलं. दोघं बहीण-भाऊ वाकले, सावकाश, आणि तो गोळा जमिनीवर टेकला. टेकल्यावरही तिनं हात लगेच काढले नाहीत.

साहेब पुढे झाले. म्हणाले, "आता मी सांगेपर्यंत कुणी काही उचलायचं नाही." साधं वाक्य. पण ज्या आवाजात बोलले, तो आवाज नंतर मी कधी ऐकला नाही.

मग गल्ली रिकामी केली. मथीला बाळासकट उचलून नेलं. नथू हट्टानं अंगणाच्या तोंडाशी उभा राहिला आणि कुणाला आत येऊ देईना. गोणपाट गोड्या पाण्यात भिजवून गोळ्यांवर घालायचं आणि लष्कराची माणसं येईपर्यंत ओलं ठेवायचं, असं साहेब म्हणाले. करंज्यात गोडं पाणी म्हणजे विहिरीवर रांग. त्या दिवशी रांग नव्हती, गावच पळालेलं. मी विहिरीवरून घागरी आणायचो, आणि ती हातानं पाणी शिंपडायची. घागर ओतू नका, धार नको, असं साहेबांनी सांगितलं होतं, म्हणून ओंजळीनं. गोणपाट वाळतंय असं वाटलं की ती तळहातानं दाबून बघायची. साहेब तिच्या शेजारी उकिडवे बसून होते, तेही ओंजळीनं शिंपडत होते. मी त्यांना म्हटलं, साहेब, तुम्ही जा, मी बसतो. म्हणाले, "पांडुरंग, हा माझाच विषय आहे." मला वाटतं ही मस्करी नव्हती.

दिवस मावळताना लष्कराची माणसं आली. बोटीत पेंढा घालून, त्यावर ओल्या गोणपाटात ते गोळे निजवून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी ओहोटीला लांब खडकावर नेऊन उडवले. करंज्यात घराघरांतली भांडी वाजली. नथू माझ्या शेजारी उभा होता. तो घरात गेला आणि पाळण्याची दोरी धरून बसला.

एक गोळा अजून त्याच्या खांबाशी समुद्रात बांधलेला होता. तो काढायचा का, हा प्रश्न आला. साहेबांनी जाळ्याकडची दोरी कापायला लावली आणि गोळा तिथंच सोडला. चिखल तिथं खोल आहे. नथूनं घराण्याची ती जागा सोडून खांब पलीकडे ठोकले. त्यावरून भांडणं झाली, ती वेगळी गोष्ट. पुढे साहेबांची बदली झाली, खातं दुसऱ्या खात्यात गेलं. आमच्या पट्ट्यांचं काय झालं ते मला ठाऊक नाही. चिखलात पुरलेल्या काही असतील अजून.

आणि चांगुणेचे हात पिवळे झाले. तळवे, बोटं, नखांच्या कडा. साबणानं घासले, राखेनं घासले, काही उपयोग नाही. बाजारात बायका म्हणायच्या, "चांगुणे, परत लगीन करतेस काय गो?" वकिलीणबाईंनी तिचे हात आपल्या हातात घेऊन बघितले आणि त्या दिवशी भाव न करता बोंबील घेतले. पण मला त्या पिवळ्याची धास्ती बसली. साहेब म्हणाले होते, कातडीचा रंग कातडीबरोबर जाईल, घाबरू नकोस. तरी मी संध्याकाळी घरी आलो की तिला म्हणायचो, दाखव. ती हात पुढे करायची. मी साबण लावून बघायचो. लाल नाही. पिवळंच. "काय बगताव," ती म्हणायची, "मी काय वाजनार हाय?" हळूहळू कातडी निघाली, रंग गेला. माझी खोड गेली नाही. कितीतरी वर्षं लग्नाकार्यात तिच्या हाताला हळद लागली की मी लांबूनच बघायचो, आणि ती लांबूनच हसायची.

लाँचवर ती पुन्हा कधी बसली नाही. मी न्यायला हवं होतं. सुटल्यावर तरी, भाड्याच्या होडीनं. राहून गेलं.

शिमग्यात ती गेली. आजार मोठा नव्हता. सकाळी चहा घेतला आणि दुपारी नव्हती. नवऱ्याच्या आधी गेलेली बाई, म्हणून आमच्याकडच्या बायकांनी तिला हळद लावून न्हाऊ घातलं, कपाळभर कुंकू लावलं. मला आत बोलावलं. मी बघितलं तर तिचे तळवे पिवळे. बोटं पिवळी, नखांच्या कडा पिवळ्या.

मला ठाऊक होतं काय आहे ते. तरी डोळ्यांपुढे ते अंगण आलं, ती कडी आली. मी सुनेला म्हणालो, साबण आण. ती म्हणाली, बाबा, कशाला, अंघोळ झालीय त्यांची. मी म्हणालो, साबण आण. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. नथू आला होता, म्हातारा झालाय आता तोही. तो काही न विचारता मोरीत गेला आणि साबण आणि तांब्या घेऊन आला. मी तिचा हात मांडीवर घेतला. ओंजळीनं पाणी घातलं, धार नाही. साबण चोळला.

लाल झाला. सगळा तळवा लाल झाला.

नथू माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. बाहेर माणसं ताटकळली होती, मी सांगेपर्यंत कुणी हात लावत नव्हतं. मी तिचा हात पुसला, खाली ठेवला आणि म्हणालो, आता उचला.